ढाळ आणि उसासा

पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात मोरीला दार नव्हतं. ओसरीच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीचा चार फुटांचा चौकोन, भोवती वीतभर उंचीचा कट्टा आणि भिंतीच्या तळाशी मूठभर भोक. बाई माणूस अंघोळीला बसलं की दोरीवर लुगड्याचा आडोसा पडायचा. त्या भोकातून गेलेलं पाणी पुढं कुठं जातं, हे घरातल्या प्रत्येक लेकराला ठाऊक होतं, कारण ते डोळ्यांदेखत जायचं. आधी कर्दळीच्या बुडाशी, मग अळूच्या वाफ्यात, उरलंसुरलं केळीला. राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी वेगळं, ते भिंतीकडेच्या पपईला. आडावरून शेंदून, हंड्यानं कमरेवर आणलेलं पाणी होतं ते. त्याचा शेवटचा थेंबही कुणाच्या तरी मुळाशी जावा, असं आजीला वाटायचं.

माळवदाची घरं होती आमची. पांढऱ्या मातीचं जाड छत, त्याला हलकासा ढाळ, आणि ढाळाच्या टोकाला परनाळ. मृग लागायच्या आधी घरातले गडी माळवदावर चढून नवी माती टाकायचे, पायानं दाबायचे, परनाळातली पाखरांची काटकी-काडी काढायचे. आजी खालून ओरडायची, "ढाळ मोडू देऊ नका रे." तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. पाण्याला वाट द्यावी लागती, नाई दिली तर ते आपलीआपण काढतं. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड इकडची माझ्या वयाची माणसं भेटली, बोलणं जुन्या घरांवर आलं, की असं एखादं वाक्य प्रत्येकाच्या घरातून निघतं. शब्द निराळे, सांगणं तेच.

मोरीची आठवण सगळे काढतात, पण त्याच घरातली दुसरी एक गोष्ट सांगताना आवाज खाली येतो. संडास नव्हते. पुरुष पहाटे नदीकडं जायचे, आणि बाया दिवसभर थांबायच्या. अंधार पडल्यावर चार-पाचजणी मिळून, हातात टमरेल घेऊन गोदरीकडं निघायच्या. रस्त्यावरून बैलगाडी आली की उठून उभं राहायचं. पावसाळ्यात चिखल, साप, विंचू. माझी आई सांजच्याला पोटभर जेवायची नाही, पाणी कमी प्यायची. तिला भूकच कमी आहे, असं आम्हाला कितीतरी वर्षं वाटत होतं. हे मी एकट्या माझ्या आईचं सांगत नाही. आमच्या पिढीतल्या बहुतेक आयांनी आपली तहान अशीच बांधून ठेवलेली होती.

परभणी शहरातल्या जुन्या पेठांत संडास होते, पण टोपलीचे. वाड्याच्या मागच्या अंगाला दगडी बैठक, तिच्याखाली पाटी, आणि पाटी काढायला मागच्या बोळात उघडणारं लहानसं झाकण. मामाच्या घरी सुट्टीत गेले की सकाळी त्या बोळात पावलं वाजायची. एक बाई यायची, पाटी रिकामी करायची, डोक्यावर घेऊन निघून जायची. तिचं तोंड मी कधी पाहिलं नाही. पुढल्या दारानं तिला यायचं नसतं, एवढं मात्र आम्हाला कुणी न सांगता कळलेलं होतं. कोकणात अप्पा पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी आपलं आयुष्य वेचलं, स्वतः हातात झाडू घेतला, हे शाळेत नंतर वाचलं. गंगाखेडची जनाबाई तर आमच्या जिल्ह्याचीच. तिच्या अभंगांत देव तिच्याबरोबर केर उचलतो. अभंग आम्हाला पाठ होता आणि बोळातली पावलंही रोज ऐकू येत होती, पण दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्या वयात कुणी दाखवून दिलं नाही. हातानं मैला उचलायला लावणं आणि असे संडास बांधणं यावर बंदी आणणारा कायदा झाला तो 1993 साली.

आमच्या पिढीची घरं बदलली ती त्या कायद्याच्या आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत. 1972 साली परभणीला कृषी विद्यापीठ झालं. त्याच सालच्या दुष्काळानं गावं हलली. कुणी नोकरीला, कुणी लेकरांच्या शिक्षणाला म्हणून शहरात आलं. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं काही घरांत चार पैसे आले. शहराच्या कडेच्या शेतांत फक्कीचे पांढरे पट्टे पडले, रस्ते आखले गेले, तीस बाय पन्नासचे प्लॉट झाले. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांनी 1986 साली असाच एक प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं.

यातली एक गोष्ट आम्हाला फार उशिरा उमगली. गावाची वस्ती पांढरीवर असते आणि शेत काळीत. घर कुठं बांधावं आणि पीक कुठं घ्यावं, याचा कैक पिढ्यांचा हिशेब या दोन शब्दांत आहे. आम्ही मात्र पांढरी सोडून थेट काळीत राहायला आलो. परभणीची काळी ज्वारीला आणि कापसाला सोन्यासारखी. पण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्या पोटात पुरलेला पाईप दरवर्षी थोडा उचलला जातो, थोडा खाली बसतो. सांधा पक्का नसेल तर तो निखळतो, आणि घरातलं सगळं सांडपाणी पायाखाली मुरत राहतं. पाणी मुरलं की तिथली माती अधिक फुगते आणि भिंतीला तिरपी चीर जाते. कॉलनीतल्या कितीतरी घरांच्या चिरांना लोकांनी सिमेंट भरलं, रंग दिला. चीर दर दोन वर्षांनी परत यायची, कारण तिचं मूळ जमिनीखालच्या निखळलेल्या सांध्यात होतं.

आमचे मिस्त्री अनुभवी होते. पायाच्या ओळी आखून झाल्या तसे ते वडिलांना म्हणाले, "गुरुजी, भिंती मागून बी हलवता येत्यात. पाण्याची लाईन हलवता येत नाही. आधी ती ठरवा." मग वडिलांनी वहीचा दुरेघी कागद फाडला आणि आईला हाक मारली. त्या दिवसापर्यंत घराच्या नकाशाबद्दल आईला कुणी काही विचारलेलं नव्हतं. ती उघड्या प्लॉटवर आली, इकडं-तिकडं चालली आणि बोलायला लागली. धुण्याचा दगड इथं, सकाळचं ऊन येतं म्हणून. भांडी घासायची मोरी स्वैपाकघराला लागून, पण ओट्यापासून दोन पावलं दूर. आणि संडास घरातच, आतल्या बाजूला. रात्री लेकींना अंगणातून जावं लागू नये. वडील पेन्सिलीनं एकेक टिंब देत गेले आणि मिस्त्री ती टिंबं जोडत गेले.

जोडताना त्यांनी जे सांगितलं ते मला आजही तोंडपाठ आहे. संडासाची लाईन निराळी, न्हाणीची आणि मोरीची निराळी, पावसाची तर दोन्हींपासून लांब. पावसाचं पाणी सेप्टिक टाकीत घुसलं की टाकीतलं काम मोडतं, घाण न कुजताच पुढं ढकलली जाते. चार इंची पाईपाला 40 फुटाला 1 फूट ढाळ, म्हणजे 10 फुटाला 3 इंच. त्याहून कमी दिला तर गाळ बसतो. फार जास्त दिला तर पाणी एकटं पळतं आणि जड ते मागं राहतं. वळण काटकोनात घ्यायचं नाही, दोन तिरप्या तुकड्यांनी घ्यायचं. जिथं वळण तिथं चेंबर, म्हणजे उद्या तुंबलं तर फरशी फोडावी लागत नाही. पिण्याच्या पाण्याचा हौद पुढच्या अंगणात, सेप्टिक टाकी मागच्या टोकाला. परभणीत नळ रोज येत नसे, म्हणून घराघरांत जमिनीत हौद होते. तीस बाय पन्नासच्या तुकड्यात एक हौद आणि एक टाकी, दोन्ही जमिनीतच. त्या दोघांमधलं अंतर म्हणजे घरातल्या लेकरांचं आरोग्य. शेजारी आड असेल तर शोषखड्डा त्याच्यापासून 50-60 फूट तरी लांब.

चर खणताना त्यांनी काळी माती पार मुरूम लागेपर्यंत काढली. जिथं मुरूम फार खोल होता तिथं बाहेरून आणून टाकला, धुमस केला आणि त्यावर पाईप निजवले. चिनी मातीचे, आतून झिलई असलेले पाईप. सांध्यात सिमेंटच्या राड्यात भिजवलेली सुतळी ठासायची आणि वरून सिमेंटचा गळपट्टा. शोषखड्डाही मुरमापर्यंत नेला, कारण काळी माती ओली झाली की पाणी पीत नाही, धरून बसते.

ढाळ मोजायला मिस्त्रींकडं पारदर्शक नळी होती, पाण्यानं भरलेली. एक टोक ते धरायचे, दुसरं मी. मी तेव्हा कॉलेजात होते. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत आलं की खिळ्यानं खूण करायची आणि तिथून खाली इंच मोजायचे. सुरुवातीला नळी बोटानं टिचकावून ते आतले बुडबुडे काढून टाकायचे. "हवा राहिली की पाणी खोटं बोलतं," म्हणायचे.

हवेचं खरं काम मात्र पुढंच होतं. आमच्याकडच्या न्हाणीनं साऱ्या देशाच्या प्लंबिंगला एक शब्द दिला आहे. फरशीतल्या जाळीखाली जो वाटीसारखा सांधा बसवतात त्याला पुस्तकांतही नहाणी ट्रॅप म्हणतात. त्याचं काम एवढंच की शेवटचं थोडं पाणी अडवून ठेवायचं. दोन इंच उंचीचा पाण्याचा पडदा. घरातलं पाणी त्याच्यावरून पुढं जातं, पण टाकीतला वायू त्या पडद्यातून माघारी येऊ शकत नाही. संडासाच्या भांड्याच्या मानेतही हाच पडदा. गावच्या मोरीच्या भोकाला असा पडदा नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती, कारण पुढं उघडं आकाश होतं. सगळं बंद पाईपात आणि बंद टाकीत गेलं, तेव्हा पडदा लागला.

पण तेवढ्यानं भागत नाही. संडासात बादली जोरात ओतली की पाण्याचा गच्च लोंढा पाईप भरून धावतो. त्याच्या मागं पोकळी होते आणि ती हवा मागते. हवेला दुसरी वाट नसेल तर ती जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते, आणि ओढताना तिथलं दोन इंच पाणीही घेऊन जाते. न्हाणी त्याच लाईनला जोडलेली असेल तर तिच्यातून गुडगुड आवाज येतो तो याचाच. पडदा गेला की घरात सडक्या अंड्यासारखा वास. आमच्या कॉलनीत हा आवाज फार घरांत होता. लोक फिनेल ओतायचे, उदबत्त्या लावायचे, जाळीवर वीट ठेवायचे. पाण्याला वाट द्यायची हे सगळ्यांना आजीपासून ठाऊक होतं. हवेलाही वाट द्यावी लागते, हे आमच्यापैकी कुणाच्याच आजीला कधी सांगावं लागलं नव्हतं.

मिस्त्रींनी मागच्या भिंतीला लाईनवरून सिमेंटचा उभा पाईप घेतला आणि थेट गच्चीच्या वर नेला. वडील तो पाहून फार हरखले. ते इतिहास शिकवायचे. संध्याकाळी विटांच्या ढिगावर बसून त्यांनी आम्हाला पुण्याच्या नळाची गोष्ट सांगितली. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. त्या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी दगडी बांधकामं उभारली, आतली हवा वर सोडायला. त्यांना उच्छ्वास म्हणतात, बोलीत उसासे. औरंगाबादला मलिक अंबरच्या काळापासूनच्या नहरी आहेत. त्यांच्या वाटेवरचे उंच स्तंभ आम्ही सहलीला पाणचक्कीला जाताना बसमधून पाहिले होते. पाण्याचा दाब सावरायला आणि कोंडलेली हवा मोकळी करायला ते होते, हे त्या संध्याकाळी कळलं. तेव्हापासून आमच्या घरात त्या पाईपाला कुणी व्हेंट म्हटलं नाही, उसासा म्हटलं. "उसाशावर कावळा बसलाय", "उसाशाजवळ पापड वाळत घालू नका".

त्याची उंचीही आईनंच ठरवली. परभणीचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. दुपारी पारा 43-44 पर्यंत चढतो, आणि रात्री सगळं घर गच्चीवर. पाणी शिंपडून गार केलेल्या गच्चीवर ओळीनं गाद्या, कोपऱ्यात माठ. मिस्त्री पाईप कठड्याइतका ठेवणार होते. आई म्हणाली, लेकरं इथं झोपतात. मग तो माणूस उभा राहिला तरी डोक्याच्या वर राहील इतका उंच नेला. उन्हाळ्यातला संध्याकाळचा वारा पश्चिमेकडचा, म्हणून पाईप पूर्वेच्या कोपऱ्यात, वास आला तरी घरावरून न जाता बाहेर जावा. वारा कुठून येतो हे सांगायला आईला कुणी लागत नव्हतं. खळ्यात वावडीवर उभं राहून तिनं वर्षानुवर्षं ज्वारी उपणली होती. पाईपाच्या तोंडाला टोपी बसवली आणि तिच्याखाली बारीक जाळी, डास आत-बाहेर करू नयेत म्हणून.

माती लोटण्याआधी मिस्त्रींनी दोन परीक्षा घेतल्या. पहिलीला धाकट्या भावाचा रबरी चेंडू लागला. वरच्या चेंबरात सोडला, बादलीभर पाणी ओतलं, आणि आम्ही खालच्या चेंबरापाशी उकिडवे बसलो. चेंडू घरंगळत आला तेव्हा भावानं अशी आरोळी दिली की शेजारचे धावत आले. दुसरीला आईचा हातआरसा लागला. एका चेंबरात आरसा धरून उन्हाचा कवडसा पाईपात सोडायचा आणि दुसऱ्या चेंबरातून डोळा लावून पाहायचं. मिस्त्रींनी मला बोलावलं. मी पालथी पडले आणि पाहिलं. अंधारात दूरवर पुनवेच्या चंद्रासारखं गोल, सबंध उजेडाचं वर्तुळ. पाईप कुठं दबला असता तर ते कडेनं कापलेलं दिसलं असतं. "पुरं हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुरं आहे. मग त्यांनी माती लोटली. लोटण्याआधी वडिलांनी प्रत्येक चेंबरचं अंतर पायरीपासून मोजून कागदावर लिहिलं आणि तो कागद घराच्या खरेदीखतात ठेवला.

पुढं आमची पिढी या घरांमध्ये वयात आली, लग्नं होऊन गेली, नोकऱ्यांना गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर महिनाभर बंद राहायचं. परतल्यावर दार उघडताच वास यायचा, कारण परभणीच्या उन्हात ट्रॅपमधलं दोन इंच पाणी आटून जायचं. आईनं त्यावर उपाय काढला. गावाला निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल. तेलाच्या थरानं पाणी उडत नाही. कुलूप लावायच्या आधीचं ते शेवटचं काम असायचं, देवापुढचा दिवा विझला का पाहावं तसं. मी आजही करते.

2000 साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावच्या घरातही संडास आला. दोन खड्ड्यांचा, एक भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्यातलं वर्ष-दीड वर्षांनी खत म्हणून काढायचं. त्याचं भांडं उभ्या उताराचं, पाण्याचा पडदा जेमतेम 20 मिलिमीटरचा, दोन लिटर पाण्यात साफ होणारं. दुष्काळी मुलखासाठी ते फार विचारानं केलेलं होतं. वायू आजूबाजूच्या मातीत जिरतो, म्हणून त्याला उंच उसासाही लागत नाही. काकूनं पहिल्या दिवशी दाराला हळदी-कुंकू लावलं. ते पाहून आई बराच वेळ काही बोलली नाही.

आमच्या पिढीनं बोळातली पावलं ऐकलेली आहेत. म्हणून एक गोष्ट आम्हीच पुढच्यांना बजावून सांगायला हवी. टाकी भरली की आजही कुणीतरी माणूस आत उतरवला जातो. 2013 च्या कायद्यानं त्याला बंदी आहे, तरी दरवर्षी माणसं गुदमरून मरतात. बंद टाकीतला वायू दोन श्वासांत शुद्ध हरपवतो. पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही पुष्कळदा परत येत नाही. टाकी यंत्रानंच उपसायची. घर बांधतानाच झाकण अशा जागी ठेवायचं की गाडीची नळी तिथवर पोचेल. कागदावरच्या त्या एका टिंबावर एका माणसाचा जीव टांगलेला असतो, हे घर बांधणाऱ्यानं चर खणण्याआधी ध्यानात घ्यावं.

मागच्या वर्षी आईचे गुडघे अगदीच गेले. तिच्या खोलीला लागून कमोडचा संडास काढायचं ठरलं. नवा मिस्त्री आला, तरणा पोरगा. सरळ नवी लाईन टाकू म्हणाला, जुनी कुठं शोधत बसता. मी खरेदीखत काढलं. घड्यांवर फाटलेला तो दुरेघी कागद मिळाला. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. पेन्सिलीचं त्यांचं अक्षर पुसट होतं, पण वाचता आलं. पायरीपासून 7 फुटांवर खणलं आणि चेंबरचं झाकण लागलं.

मी आईचा आरसा मागून घेतला. पारा कडेनं गेलेला, तोच. पोरगा म्हणाला, काकू, मोबाईलची बॅटरी हाय ना. मी म्हटलं, उन्हानं बघू. त्यानं आरसा धरला. पालथं पडणं आता मला जमत नाही, बसून वाकले. काळोखात उजेडाचं वर्तुळ दिसलं. कडेनं नखभर कापलेलं. इतक्या वर्षांत काळीनं पाईप तेवढाच काय तो दाबला होता. बाकी सबंध होतं. आई खाटेवरून विचारत होती, "दिसतं का गं?" मी म्हटलं, "दिसतं." नवा संडास त्याच लाईनला जोडला, उसाशाच्या जवळ. दुपारी त्या कागदावर वडिलांच्या टिंबांशेजारी मी पेनानं एक टिंब दिलं, अंतर लिहिलं, तारीख घातली आणि कागद होता तिथं ठेवून दिला.